बीपीची गाडी

परवाच्या बुधवारी आमची बीपीची गाडी शेवटची गेली. कुंडलच्या अलीकडे एक गाव आहे, नाव मुद्दाम सांगत नाही... तिथे. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

खरं तर ती बीपीची गाडी नव्हतीच. मी समुपदेशक आहे, सांगलीत विश्रामबागला राहते. शासनाच्या अनुदानावर आमचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालायचा. दर बुधवारी मी आणि सांगलीचे एक डॉक्टर गावात जायचो, समाजमंदिरात बसून लोकांशी बोलायचो, लागतील त्यांना गोळ्या फुकट द्यायचो.

सुरुवातीला गाडीला मोठ्ठा बॅनर होता, 'मानसिक आरोग्य शिबिर'. चिटपाखरू फिरकलं नाही. गावात 'डोक्याचं' म्हटलं की संपलं... मग तिथल्या आशा वर्करनी मला बाजूला घेतलं आणि बॅनर काढून टेबलावर बीपीचं मशीन ठेवायला सांगितलं. पुढच्या बुधवारी ही रांग!

मग तशीच रीत पडली. बाई यायची, हात पुढे करायची, मी पट्टा गुंडाळायचे... आणि पट्टा फुगता फुगता ती बोलायला लागायची. मी स्वतःवर जाम खूश होते. म्हटलं, काय युक्ती सापडलीय!

सुमनकाकू अशाच आल्या. (नाव बदललंय, आणि लिहू का हे त्यांना विचारलंय.) थोरला मुलगा ॲक्सिडेंटमध्ये गेला आणि बाईंचं खाणं, झोप, बोलणं सगळं सुटलं. एकदा मला हळूच म्हणाल्या होत्या, विहिरीवर मोटर चालू करायला गेलं की परत यावंसंच वाटत नाही.

गोळ्या सुरू झाल्या, दर बुधवारचं बोलणं सुरू झालं आणि काकू हळूहळू माणसांत आल्या. घरात कुणाला पत्ता नाही. नवरा फौजेतून रिटायर झालेला, कडक माणूस. त्यांच्या लेखी बायकोला बीपी आहे, बस.

यंदा अनुदानाची मुदत संपली. वरून सांगण्यात आलं, गावाला गरज आहे असा ग्रामसभेचा ठराव द्या, मग विचार करू. मी म्हटलं, एवढंच ना! गाव काय, आपलंच आहे.

ग्रामसभेला एवढ्या बायका कधी आल्या नसतील. एरवी पदराआडूनही न बोलणाऱ्या बायका उठून सांगत होत्या, बीपीची गाडी बंद करू नका म्हणून. माझे डोळे भरून आले. पण 'मानसिक' हा शब्द एकीच्याही तोंडी नव्हता. कसा असणार? मीच तर झाकून ठेवला होता.

ग्रामसेवकांनी पेन थांबवून मला विचारलं, "मॅडम, ठरावात बीपी तपासणीच लिहू ना? का आणखी काय असतं तुमचं?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. काकू दुसऱ्या ओळीत होत्या. त्यांच्या मुलीचं नुकतंच कडेगावला ठरलंय आणि नवऱ्यामुलाची सख्खी आत्या याच गावात दिलेली... ती काकूंच्या मांडीला मांडी लावून बसलेली. काकू नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"बीपीच लिहा," मी म्हटलं.

ठराव एकमताने पास झाला. टाळ्याही वाजल्या. नंतर मी वेगळं पत्र जोडून खरं काय ते समजावलं, फोन केले, ऑफिसात जाऊन भांडलेसुद्धा. तशी मी तापटच. पण उत्तर आलं ते ठरावाला... बीपी तपासणी गावच्या उपकेंद्रात होते, वेगळ्या अनुदानाची गरज दिसत नाही. आता यात त्यांना तरी काय बोलणार?

शेवटच्या बुधवारी कुणी बेदाणे आणले, कुणी शेंगा, कुणी डब्यातून पुरणपोळ्या. मी प्रत्येकीला बजावत होते, सांगलीला या, डॉक्टर तिथे भेटतील, गोळ्या तिथेही फुकट आहेत. सगळ्या हो हो म्हणत होत्या. येणं जमणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

काकू सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनाही तेच सांगितलं. गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, काय वाट्टेल ते करा, पण या.

"काय सांगून येऊ, ताई?" काकू म्हणाल्या. "आमचं ह्ये म्हणत्यात, बीपी तर हितंच बघत्यात की उपकेंद्रात. सांगलीला कशाला जायाचं?"

माझी तेवढी हुशार युक्ती, तिनेच बाईची वाट अडवली होती. रडू यायला लागलं, ते लपवायला मी पट्टा हातात घेतला.

काकूंनी सवयीने हात पुढे केला. पट्टा फुगला, उतरला. मी आकडा बघितला, मग दुसऱ्या हाताला लावून पुन्हा बघितला... इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काकूंचं बीपी खरोखर वाढलेलं होतं.

मी सांगितलं तशा काकू माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. आणि मग चक्क हसल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"मग चिठ्ठी द्या की, ताई. आता सांगलीला जायाच लागंल न्हवं?"

डॉक्टरांनी सांगलीला तपासायला यायची चिठ्ठी लिहून दिली. काल काकू सांगलीला येऊनही गेल्या. नवरा स्वतः मोटरसायकलवरून घेऊन आला होता आणि बीपीच्या काळजीने हैराण झाला होता बिचारा. हे सगळं लिहू का म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, लिवा, नाव तेवढं नगं.

एखाद्याचं बीपी वाढलं म्हणून देवाचे आभार मानतात का? मी मानले.

पण त्या बुधवारी रांगेतल्या बाकी सगळ्या बायकांचं बीपी नॉर्मल निघालं...