चहानकोंची अडकलेली बातमी

ऑफिसात त्यांना सगळे 'चहानको' म्हणत. पत्रकार परिषदेला गेले की समोरचा कप बाजूला सारायचा, भेटीच्या पिशवीतून फक्त निवेदनाचा कागद काढून घ्यायचा आणि पिशवी खुर्चीवरच सोडून यायची, हा त्यांचा शिरस्ता. तेही एकवेळ ठीक हो. पण बाकीच्यांच्या पिशव्यांवरही यांचीच करडी नजर! कुणी नवे बूट घातले की यांच्या कपाळाला आठी पडलीच.

त्यामुळे एक बडं इस्पितळ आपला घाण कचरा गुपचूप ओढ्यात टाकतं, ही त्यांची बातमी अडकून पडली तेव्हा त्यांनी एकालाही सोडलं नाही. जाहिरातवाला हसून बोलला, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. उपसंपादक बोललाच नाही, म्हणजे तर नक्कीच मुरतंय. शेवटी तणतणत ते संपादकांच्या खोलीत शिरले.

"किती मिळाले, साहेब?"

संपादकांनी चष्मा काढला. "अहो, तुमच्यासाठी थांबवलीय. घरचं माणूस तिथं नोकरीला असलं तर आधी सांगायचं, हा आपलाच नियम ना? तुमची मुलगी तिथं लागलीय. म्हटलं, सांगाल आज ना उद्या."

मुलगी 'एका दवाखान्यात' लागलीय, एवढंच चहानकोंना ठाऊक. जगाच्या पिशव्या तपासणाऱ्या या गृहस्थाला, दवाखाना कोणता गं, हे घरात विचारायला फुरसत कुठली!

घरी मुलगी गळ्यात ओळखपत्र तसंच ठेवून भाजी चिरत होती. चपलाही न काढता त्यांनी विचारलं, "मुलाखतीत माझं नाव निघालं होतं?"

"नाही बाबा. तासभर नुसतं पिळून काढलं मला. तुम्ही हेच विचारणार, म्हणून तर इस्पितळाचं नाव मी आपणहून घरात काढलं नाही."

"मग आडनावावरून ओळखलं असेल. उगाच कोण देतं नोकरी?"

तिची सुरी थांबली. "उगाच? वर्गात पहिली आलेय मी. एकदा तरी म्हणा बाबा, की माझ्या हिमतीवर मिळाली मला."

म्हणायचं होतं हो त्यांना! पण जीभ रेटेना.

"छापा तुमची बातमी." तिनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "उद्या राजीनामा देते. मग तर झालं?"

त्यांचे डोळे भरून आले. इतकी सच्ची पोर, आणि आपल्या पोटची! आणि त्याच क्षणी, जळला मेला तो स्वभाव, त्यांच्या मनात आलं: हिला असं बोलायला कुणी पढवलं तर नसेल?