सात उद्गार, आठ मंडळ्या

एस्तेरबाईंच्या बैठकीत कोणी हात वर केला, की त्या चाललेलं बोलणं तोडून म्हणायच्या, "हात खाली." मग तो हात मत द्यायला वर गेलेला असो, नाहीतर पंखा वाढवा म्हणून सांगायला. देऊळघाटच्या वयस्कर पाळकांनी एकदा खांदा आखडला म्हणून नुसता हात ताणला, तर त्यांनाही तेच ऐकावं लागलं. ते बिचारे उरलेली बैठक हात मांडीवर ठेवून बसले.

बुलढाण्यात सात मंडळ्यांचा मिळून एक संघ होता. मंडळी म्हणजे एका चर्चची माणसं, आणि पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू. या सातांत कोणी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणारे, कोणी माणूस कळता झाल्यावर त्याला पाण्यात बुडवून काढणारे, कोणी मेणबत्त्या लावणारे आणि कोणी मेणबत्तीला नाक मुरडणारे. सगळ्यांना एका छताखाली ठेवणं हे संघाचं काम. एस्तेर भालेराव या संघाच्या कार्यकारी सचिव होत्या आणि मी त्यांच्या ऑफिसातला एकुलता एक कारकून. ऑफिस म्हणजे दगडी चर्चच्या आवाराशेजारच्या पत्र्याच्या दोन खोल्या.

मी मेहकरचा. वडील तहसीलमध्ये कारकून, काका शाळेत मास्तर. घरात गणपती बसतो, संकष्टीला आई चंद्र निघेपर्यंत जेवत नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा मीच घाबरत म्हणालो, "मॅडम, मी ख्रिस्ती नाही."

"म्हणून तर तुले बोलावलं," बाई म्हणाल्या. "मी एका चर्चचा माणूस ठेवला, की बाकीचे सहा रुसतात. तू कोणाचाच नाही, म्हणून तू साऱ्याइचा. टायपिंग येते ना?"

येत होतं. त्या दिवसापासून माझं नावच गेलं. बाई मला 'मेहकर' म्हणायच्या, आणि त्यांचं ऐकून सगळे पाळकही. बाईंचं बोलणं पक्कं वऱ्हाडी होतं. पुण्याहून कोणी मोठे लोक आले, तरी त्यात काडीचा फरक पडत नसे. ठेंगणी चण, कडक इस्त्रीची सुती साडी, स्कुटी चालवताना हेल्मेटखाली रुमाल. रागावल्या की त्या आवाज चढवत नसत, उलट जास्त हळू बोलत. त्यामुळे त्यांचा राग ऐकायला पुढे वाकावं लागे.

'कार्यकारी सचिव' ही पाटी मोठी होती, पण हातात काही नव्हतं. प्रत्येक चर्चचे वरिष्ठ वेगळे, नियम वेगळे. बाई कोणाला हुकूम देऊ शकत नसत. "माह्या हाताखाली फक्त तू," त्या म्हणायच्या, "अन् तूही ऐकत नाहीस." मग संघ चालवायच्या कसा? तर बसवून. बैठकीत मतदान नाही, बहुमत नाही. सगळ्यांचं जमेपर्यंत बसायचं. चहा ठरल्यावर यायचा, आधी नाही. शेगडी माझ्या ताब्यात असे आणि दाराच्या फटीतून बाईंची मान हलल्याशिवाय मी ती पेटवायची नाही, असा दंडक होता. आल्याच्या चहासाठी कासावीस झालेले पाळक मी पाहिलेत. पण कितीही चिडले तरी ते उठून जात नसत.

"मत टाकलं की कोणीतरी हारते," त्या सांगायच्या. "अन् आपल्या लोकाइत हारलेला माणूस गप बसत नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या गल्लीत नवं चर्च काढते."

हे त्या हसत म्हणायच्या, म्हणून बरीच वर्षं मला तो विनोदच वाटला.

वर्षाचं सगळ्यात अवघड काम म्हणजे उत्तम शुक्रवार, म्हणजेच गुड फ्रायडे. ख्रिस्तानं वधस्तंभावर प्राण सोडण्याआधी सात उद्गार काढले, असं हे लोक मानतात. त्या दिवशी भर दुपारी सातही मंडळ्या दगडी चर्चमध्ये जमतात आणि एकेका उद्गारावर एकेक पाळक बोलतो. उद्गार सात, मंडळ्या सात. देवानंच हिशेब जमवून दिला होता म्हणा ना. तरी भांडणं होतच. क्षमेचा उद्गार सगळ्यांना हवा, कारण तो पहिला आणि लोक ताजेतवाने असतात. तहानेचा उद्गार कोणालाच नको. तो पाचवा, 'मला तहान लागली आहे' एवढाच, आणि तोवर उन्हानं माणसं बाकांवर पेंगायला लागलेली. म्हणून बाईंनी फेरा लावला होता. दर वर्षी प्रत्येकाचा उद्गार एक घर पुढे सरके.

मी त्या दिवशी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पाण्याचे जार आणि चपलांचा ढीग सांभाळत बसे. आत यायला मला कोणी मनाई केली नव्हती. मीच जात नव्हतो.

आणि एका वर्षी उंद्रीच्या मंडळीचा अर्ज आला, आम्हाला संघात घ्या म्हणून. सही होती पाळक दिलीप भालेराव यांची. मी अर्ज वाचून दाखवला. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसल्या.

"माहा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. मग जे सांगितलं ते रोजच्याच आवाजात. दोघं बहीणभाऊ याच दगडी चर्चमध्ये वाढले. दिलीप ढोलकी सुरेख वाजवायचा. उपासनेत ढोलकी चालावी की नुसता ऑर्गन, यावरून मंडळीत वाद पेटला. नव्यानंच आलेल्या शिरसाट पाळकांनी मतदान घेतलं. बाई तेव्हा मंडळीचं लिहिण्याचं काम पाहत, म्हणून हात मोजायचं काम त्यांच्याकडे आलं. ढोलकी हरली. दिलीप हरलेल्यांना घेऊन बाहेर पडला, उंद्रीत पत्र्याच्या शेडमध्ये चर्च सुरू केलं आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही म्हणाला. पुढं वडील गेले. दफनाच्या वेळी तो फाटकाशी उभा राहिला, बाहेरच.

"कोणी आत बोलावलं नाही?" मी विचारलं.

"मले वाटलं पाळकसाहेब बोलावतील. पाळकसाहेबाइले वाटलं, त्याचं त्यानं यावं. अन् बाबाइची पेटी निघाली." बाईंनी चष्मा घातला. "हात मीच मोजले होते ना बे. बरोबर मोजले होते."

त्या वर्षअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी भाऊ त्या चर्चच्या आत यावा, एवढं एकच त्यांना हवं होतं. आणि नेमकं त्याच विषयावर त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. बैठक सुरू होताच त्यांनी सांगून टाकलं, "अर्ज माह्या भावाचा आहे. मी यात काही बोलणार नाही." खुर्ची उचलून त्या दाराशी, माझ्या शेजारी येऊन बसल्या.

शिरसाट पाळक तोवर पिकले होते. उंच, ताठ, आवाज भारदस्त. माणूस वाईट नव्हे. आजाऱ्याच्या घरी रात्रभर बसणारा. पण एकदा बोललेला शब्द मागं घेणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "उद्गार सात आहेत. आठवी मंडळी घेतली तर तिनं काय बोलावं? आठवा उद्गार कोठून आणायचा?"

प्रश्न खरा होता. कोणाला तरी आपला उद्गार सोडावा लागणार होता आणि सोडायला कोणीही तयार नव्हतं. कोणी म्हणालं, एक उद्गार दोघांत वाटा. कोणी म्हणालं, उंद्रीनं यंदा नुसतं बसावं. दिलीपनं फोनवरून त्यालाही होकार कळवला. तर देऊळघाटचे पाळक म्हणाले, "पाहुण्यासारखं बसवायचं असलं तर संघात काऊन घेता?" शिरसाट म्हणाले, मतदान घ्या. सगळ्यांनी सवयीनं बाईंकडं पाहिलं. बाई माझ्या शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांची मान हलली नाही, आणि मी शेगडी पेटवली नाही.

असंच पुढच्या बैठकीत झालं आणि त्याच्या पुढच्याही. उत्तम शुक्रवार तोंडावर आला. त्या वर्षी तहानेचा उद्गार फेऱ्यानं दगडी चर्चकडं होता. ऊन मी म्हणत होतं, पत्रा तापला होता, चहा नव्हता. शेवटी शिरसाट पाळक टेबलावर हात आपटून ओरडले, "एवढंच असलं तर माहाच उद्गार देऊन टाका उंद्रीले! मी नाही बोललो तर काय आभाळ पडते?"

बाईंनी तीन बैठकांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही माझ्याकडं पाहून आणि इतकं हळू, की मला वाकावं लागलं.

"लिहिलं का?"

"हो," मी म्हणालो.

"वाच."

मी उभा राहून वाचलं, की दगडी चर्चनं आपला यंदाचा उद्गार उंद्रीच्या मंडळीला दिला आहे. शिरसाटांनी तोंड उघडलं. मी रागात बोललो, असं ते सहज म्हणू शकले असते आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. ते बाईंकडं पाहत राहिले. त्यांना फाटक आठवलं असेल का, की ते नुसते थकले होते, मला आजही ठाऊक नाही. मग ते माझ्यावर खेकसले, "वाचलं ना? मग चहा आण!"

उत्तम शुक्रवारी उंद्रीची माणसं मेटॅडोरनं आली. बायाबाप्ये भराभर आत गेले. दिलीप तेवढा फाटकाशी थांबला, बापाच्या वेळी थांबला होता तिथंच असावा. पांढरा सदरा, पाठीमागं धरलेले हात. जरा वेळानं त्यानं मला विचारलं, "चपला कोठी काढा लागते?" त्याचं अख्खं बालपण त्या आवारात गेलेलं. मी माझ्या पायाजवळची जागा दाखवली. बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या आणि मागं वळून पाहत नव्हत्या. त्यांनी पाहिलं असतं तर तो आला नसता, असं मला वाटतं.

पाचव्या उद्गाराला तो उभा राहिला. मला बाहेर कर्ण्यावरून ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "माह्या बापानं शेवटी पाणी मागतलं, तव्हा मी घरी नव्हतो. मी रुसेल होतो. बहिणीनं पाजलं. आज नेमका हाच उद्गार माह्या वाट्याले आला. मले याच्यावर दुसरं काही बोलता येत नाही." आणि तो खाली बसला. सगळ्यांत छोटं भाषण त्याचं झालं. पेंगणारं कोणी नव्हतं. मी जारांपाशी बसून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाई त्या डिसेंबरात निवृत्त झाल्या. त्यांनी भावाविषयी पुन्हा काही काढलं नाही. फक्त एकदा, उंद्रीहून आलेली ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, "ढोलकी अजून चांगली वाजवते." उद्गारांचा फेरा मी नव्यानं बसवून दिला. दर वर्षी एक मंडळी थांबते, आणि पुढल्या वर्षी तिला क्षमेचा उद्गार मिळतो. त्यामुळे थांबायलाही आता लोक खुशीनं तयार असतात.

काही वर्षांनी बाई गेल्या. सकाळी अंगणात तुळशीपाशी, हो, ख्रिस्ती बाईच्या अंगणात तुळस होती, खोकल्याला लागते म्हणून, तिथंच बसल्या आणि उठल्या नाहीत. दुपारी पेटी चर्चमध्ये ठेवली आणि आठही पाळक आमच्या पत्र्याच्या खोलीत जमले. उपदेश कोणी करायचा, यावर बोलणं सुरू झालं. प्रत्येकालाच करायचा होता. दिलीप कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. चार वाजता दफन, वेळ थोडा. एक तरुण पाळक, नुकताच बदलून आलेला, चांगल्या मनानं म्हणाला, "मतदान करू या का? ज्यांना वाटतं..." आणि त्यानं हात वर केला.

"हात खाली," शिरसाट पाळक म्हणाले.

ते आता काठी घेऊन चालत. मतदान मागितलं असेल तर जन्मभर यांनीच. सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले. त्यांनी घसा साफ केला. "पुलपिट दिलीपचं, उपदेश त्यानंच करावा. कोणाची हरकत?" कोणाचीच नव्हती. "अन् मी फाटकाशी उभा राह्यतो," ते म्हणाले. "लोकाइले आत बोलावायले कोणी पाहिजे."

मी चहा टाकला. दिलीपनं चहा न पिताच कप खाली ठेवला.

चारच्या उन्हात शिरसाट पाळक खरंच काठीवर भार देऊन फाटकाशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला, ओळखीचा असो नसो, "या, आत या" म्हणत होते. आतून ढोलकी ऐकू येत होती, आणि तिच्यामागं ऑर्गन. मी सवयीनं कडुनिंबाकडं वळलो. चपला बऱ्याच साठल्या होत्या.

"मेहकर," शिरसाट ओरडले, "तू बाहेर काऊन थांबून राह्यला बे? जाय आत."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.