मास्तरांचा ओटा

उपवासकाळातला शुक्रवार. देवळातली क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आटोपून सगुणाबाई उन्हाच्या घरी येतात, ताकात कुस्करलेली चतकोर भाकरी खातात आणि खाटेवर आडव्या होतात. पाच वाजता पॅरिश कौन्सिलची, म्हणजे देवळाच्या पंचांची, बैठक आहे. मिशनच्या नव्या शाळेच्या नकाशावर आज सह्या व्हायच्या आहेत. डोळे मिटले म्हणजे तो नकाशा दिसायचा थांबेल असं त्यांना वाटतं. तो थांबत नाही.

मराठी शाळेतले बाक दरवर्षी रिकामे होत चाललेत. लेकरं जीपमध्ये कोंबून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. आता नवी इमारत उभी राहिली नाही तर शाळेला कुलूप लागणार, हे फादर विल्फ्रेड प्रत्येक मिस्सेनंतर सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. पहिल्या नकाशात इमारत देवळासमोर होती, दगडी ओट्याच्या जागी. त्याच ओट्यावर धर्मशिक्षक लूकस मास्तर, सगुणाबाईंचे मालक, जन्मभर कीर्तनाला उभे राहिले. बायबलातला उधळा पुत्र घरी यायचा तो त्या ओट्यावरून, आणि बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागायची तीही तिथंच. सगुणाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता आणि एवढंच म्हटलं होतं, ओटा तेवढा राहू द्या फादर, मास्तरांचं दुसरं काय उरलंय. फादर मऊ मनाचे. त्यांनी इमारत मागं सरकवली.

गेल्या रविवारी नवा नकाशा आला. ओटा जागच्या जागी, त्यावर ‘लूकस मास्तर स्मृती मंच’ अशी अक्षरंसुद्धा. आणि शाळा कबरस्तानाच्या भिंतीपलीकडं, कोरफडीच्या रानात. तिकडं नुसतीच पडीक जागा आहे, असं फादर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती जागा पडीक नाही हे ज्यांना ठाऊक होतं, त्यातल्या एकट्या सगुणाबाईच आता मातीच्या वर आहेत.

बाप्तिस्म्याचं पाणी लागण्याआधी जे लेकरू जायचं, त्याला त्या काळी कबरस्तानात घेत नसत. ना घंटा, ना क्रूस. मास्तर आपल्या उपरण्यात ते लेकरू गुंडाळून भिंतीपलीकडं न्यायचे, माती द्यायचे आणि वर एक कोरफड लावायचे. कोरफडीला कुणी पाणी घालावं लागत नाही. त्यातली एक कोरफड सगुणाबाईंच्या पहिल्या लेकीची. ती रडलीसुद्धा नव्हती.

आता तोंड उघडावं तर शाळेला ओट्यावाचून जागा नाही. गप्प बसावं तर सोमवारी कोरफडीत जेसीबी. रविवारपासून हा पेच तसाच आहे.

स्वयंपाकघरात काहीतरी वाजतं. सून शीला भांडी लावत असेल. पण भांडी अशी ठेक्यात वाजत नाहीत. या चिपळ्या आहेत.

सगुणाबाई उठतात, स्वयंपाकघराचं दार ढकलतात आणि देवळात येतात. वेदीवर चूल पेटलेली. बाकांवर ऊन पडलंय, आणि ते उन्हाळ्याचं नाही, थंडीतलं, पिवळं. ओट्याचे दगड कुणीतरी आत आणून रचलेत आणि त्यावर मास्तर उभे आहेत. अंगात पुरताना घातलेला काळा कोट, डोक्याला कीर्तनातला फेटा. पाय अनवाणी.

"चपला ठेवून घेतल्यास ना माझ्या?" मास्तर म्हणतात. "पाय पोळतात की गं."

"पोरानं वापरल्या दोन वर्षं. नव्या होत्या."

"बरं केलंस. कोट ठेवला असतास तरी चाललं असतं. काखेत काचतो."

सगुणाबाईंना हसू येतं आणि हसताना आठवतं की हा माणूस मेलेला आहे. पण ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही, म्हणून त्या पदर सावरतात आणि पहिल्या बाकावर बसतात. बाक लहान आहे, शाळेतला. समोर फळा. मास्तरांची पाठ त्यांच्याकडं. ते हजेरी घेताहेत.

नाव कुणाचंच येत नाही. मास्तर एक चिपळी वाजवतात आणि थांबतात. मागच्या बाकावरून कुणीतरी पाय आपटतं. पुन्हा चिपळी, पुन्हा थांबणं, कुठं खुसखुस, कुठं नाक ओढल्याचा आवाज. सगुणाबाईंची मान मागं वळत नाही. गळ्यात ओला टॉवेल पडल्यासारखी जड झाली आहे.

"ही कुणाची पोरं, मास्तर?"

"आपल्याच मिशनची. नावं ठेवायचं राहिलं, म्हणून अशी हजेरी."

"आपली आहे का यांच्यात?"

मास्तर चिपळी उचलतात. चिपळी वाजते. सगुणाबाईंच्या अगदी पाठीमागं, मानेला श्वास लागेल इतक्या जवळ, कुणीतरी पाय आपटतं. हळूच.

मग मास्तर गातात. आवाज तोच, वरच्या पट्टीत थोडा चिरकणारा, पाटापलीकडच्या वस्तीपर्यंत जाणारा.

लेकरांना येऊ द्या रे, नका अडवू दाराशी।
ज्यांना नाही नाव गावी, त्यांची ओळख माझ्यापाशी॥

जन्मभर ऐकलेल्या त्या आवाजासमोर सगुणाबाई हात जोडतात. जोडलेल्या हातांवर ऊन आहे आणि बाक नाही. त्या कोरफडीच्या रानात उभ्या आहेत. भिंत आता अलीकडं आहे का पलीकडं, ते कळत नाही. मास्तर वाकून चुन्याची फक्की टाकताहेत, इमारतीच्या पायाची आखणी करताना गवंडी टाकतात तशी, चिमटीतून सरळ पांढरी रेघ.

"इथं नका आखू," सगुणाबाई म्हणतात. "अहो, इथं नका."

"मी कुठं इथं आखतोय? नीट बघ."

त्या बघतात. रेघ कोरफडीला शिवून मागं फिरते, कबरस्तानाच्या कडेनं जाते, देवळाला वळसा घालते आणि ओट्याच्या चारी बाजूंनी फिरून मिळते. ओट्यावर पाचोळा आहे. कोपऱ्यात कुत्रं झोपलंय.

"तो तुमचा ओटा आहे," सगुणाबाई म्हणतात. त्यांचा आवाज लहान होतो. "तुमचं दुसरं काही नाही माझ्याकडं. तोही मोडला तर मी कुणाकडं बघू? मिस्सा झाली की रोज टेकते मी तिथं."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना." मास्तर कमरेवर हात ठेवून सरळ होतात. चेहऱ्यावर ऊन आहे आणि तरी तो नीट दिसत नाही, ओल्या पाटीवरच्या अक्षरासारखा पुसट होत चाललाय. "पण सगुणे, माझ्या नावाचा दगड कबरीवर आहे. वर ओटाही कशाला? हिला तर एक क्रूससुद्धा दिला नाही आपण. एक कोरफड दिली. तीही उपटायची?"

सगुणाबाई वाकून कोरफडीचं एक पान चाचपतात.

"आणि कीर्तनाला ओटा लागत नाही. ऐकायला पोरं लागतात. पोरांना शाळा लागते."

"मग तुम्ही तिथं येणार का? शाळेत?"

मास्तर हसतात, आणि त्या हसण्यात हो नाही नि नाहीही नाही. ते फक्कीचं घमेलं खाली ठेवतात, हात पुढं करतात. सगुणाबाई तो हात घट्ट धरतात. हात थंड आहे, कोरडा आहे, पिठासारखा. त्या अजून घट्ट धरतात. हात बारीक होत जातो. आता तो तान्ह्या लेकराच्या मुठीएवढा आहे, आणि देवळाची घंटा वाजायला लागते, जी त्या लेकरांसाठी कधीच वाजली नव्हती.

"आत्याबाई. ओ आत्याबाई, उठा. पहिली घंटा झाली बैठकीची."

शीला चहा घेऊन उभी आहे. खाट, निळी भिंत, पंख्याची घरघर. सगुणाबाई उठून बसतात. उजवी मूठ मिटलेली आहे आणि ती उघडायला त्यांना धीर होत नाही. एक एक बोट सोडवावं लागतं.

तळहात पांढरा आहे. रेषांमध्ये चुना बसलाय, आणि मधोमध, तान्ह्या लेकराची मूठ मावेल तेवढी जागा मोकळी.

"हे काय हाताला?" शीला म्हणते. "आणते मी पाणी. धुऊन घ्या, फादर वाट बघताहेत."

"नको," सगुणाबाई म्हणतात. त्या मूठ परत मिटतात, डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतात. "आधी फादरांना ओट्याशी नेते. तो कुठून मोडायचा ते सांगायचंय. मग त्यांना भिंतीपलीकडं न्यायचंय, कोरफडीपाशी."