पाहुण्यांच्या बाजूचा हॉर्न

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. नजर लागू नये म्हणून सासूबाईंनी पाठवलेल्या काळ्या दोऱ्याने मी टोमॅटोची रोपं बांधली आहेत. त्यामुळे हे वाचून "हिचं डोकं फिरलंय" असं कुणाला वाटलं तर माझी अजिबात तक्रार नाही... पण घडलं ते असं.

मी मेलबर्नला, क्लेटनमध्ये राहते. इथल्या युनिमध्ये शिकायला आले, नोकरीला लागले आणि मधल्या काळात फुटबॉलच्या नादी लागले ती कायमची. फुटबॉल म्हणजे इथला – अंडाकृती चेंडूचा, हातानेही खेळायचा. युनिच्या मुलींची टीम जिथे खेळेल तिथे मी जाते. नवरा म्हणतो, "एवढी भक्ती देवाची केली असतीस तर..." पुढचं मी ऐकून घेत नाही.

हा नाद बॅरी आणि व्हॅलने लावला. सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मैदानाच्या कडेला मी एकटीच कुडकुडत होते, तेव्हा व्हॅलने मला त्यांच्या जुन्या गाडीत बसवून थर्मासमधला चहा पाजला होता. तेव्हापासून इथे माझी हक्काची माणसं म्हणजे ही दोघं.

छोट्या गावांतल्या मैदानांवर एक पद्धत आहे. लोक कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या करतात, आत बसूनच मॅच बघतात आणि आपल्या टीमने गोल केला की हॉर्न वाजवतात. या देशात एरवी हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं! पुण्यात गाडी शिकलेल्या बाईला ही पद्धत किती आवडली असेल बघा. बाहेरगावी मात्र आमच्या, म्हणजे पाहुण्या टीमसाठी एकच हॉर्न असायचा, बॅरीचा. दोन छोटे, एक लांब. तोही उशिरा. त्याला लांबचं दिसायचं नाही, आणि चष्मा लावायचा नाही हा हट्ट. त्यामुळे गोलपाशी उभा असलेला अंपायर दोन झेंडे हलवून खाली ठेवेपर्यंत तो थांबायचा. तोवर मुली आपापल्या जागी परतलेल्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात बॅरी गेला. हार्ट. गाडीही भंगारात गेली. व्हॅल घराबाहेर पडेना, जेवण धड नाही, फोन उचलणं नाही.

मी ठरवलं – पाहुण्यांच्या बाजूचा हॉर्न बंद पडता कामा नये, आणि व्हॅलही अशी संपता कामा नये. सीझन सुरू झाल्यापासून दर शनिवारी तिच्या दारात जाऊन बसायचे. शेवटी ती वैतागली. "ही एकच मॅच, लव्ह." (तिचं इंग्रजी मराठीत लिहितेय; 'लव्ह' म्हणजे तिचं 'बाळा'.) "यानंतर मला न्यायला यायचं नाही."

"डन," मी म्हटलं. एकदा गाडीत तर बसू दे!

मैदान गिप्सलँडमधल्या एका गावात. डावीकडे क्लबहाउस, उजव्या टोकाला गोलच्या मागे स्कोअरबोर्ड, त्यामागे तारेचं कुंपण आणि नुसतं गायरान. शनिवारची दुपार, भुरभुर पाऊस. मी बटाटेवडे नेले होते. व्हॅलने अर्धा खाल्ला आणि मैदानाकडे न बघता हातातल्या कपाकडे बघत बसली.

तिला हुरूप यावा म्हणून मी जरा जास्तच पेटले. आमच्या नाशिकच्या ऋचाने पहिला गोल केला, मी हॉर्न वाजवला. मग चेंडू गोलच्या बाजूने गेला तरी वाजवला, फ्री किक मिळाली तरी वाजवला...

"लव्ह, फक्त गोलला," व्हॅल म्हणाली. गाववाले वळून वळून बघत होते.

शेवटच्या क्वार्टरमध्ये हॉर्न खरखरला आणि गप्प झाला. शेवटची मिनिटं, आम्ही थोडक्यात मागे, आणि ऋचाने उजव्या टोकाला लांबून किक मारली. गोल! मी हॉर्न दाबला. काही नाही. दोन्ही हातांनी दाबला. काही नाही. गाववाल्यांच्या गाड्या अर्थातच गप्प. मला रडू यायला लागलं. याच गोलसाठी मी तिला ओढून आणली होती ना!

अंपायरने झेंडे हलवले, खाली ठेवले. आणि स्कोअरबोर्डच्या मागून हॉर्न आला. दोन छोटे, एक लांब.

व्हॅलचा कप ओठांपाशीच थांबला. मी दार उघडून बाहेर धावले. स्कोअरबोर्डच्या मागे, लांब गायरानात गायी चरत होत्या, बाकी कुणी नाही. परत आले तर व्हॅल पहिल्यांदाच मान वर करून मैदानाकडे बघत होती.

"उशिरा," ती म्हणाली. "नेहमीसारखाच." आणि हसली.

आम्ही जिंकलो. ते महत्त्वाचं नाही असं म्हणायला हवं, पण खोटं कशाला बोलू... महत्त्वाचं आहे!

मॅचनंतर चिखलाने माखलेली ऋचा आली. "मावशी, स्कोअरबोर्डकडे कुणाला बसवलं होतंस? मी वळून हात केला, पण कोणी दिसलंच नाही."

रात्री आम्ही तिथल्याच मोटेलमध्ये राहिलो. रविवारी सकाळी व्हॅल उठायच्या आत मी मैदानावर गेले. स्कोअरबोर्डमागच्या फाटकाला गंजलेलं कुलूप, गवत गुडघ्यापर्यंत, ओलं, उभं. टायरची एकही खूण नाही. प्रतिध्वनी म्हणावं, तर मुळात कुणी वाजवलाच नव्हता. गावातल्या कुणी वाजवला म्हणावं, तर पाहुण्यांच्या गोलला का वाजवेल? आणि नेमका तसाच? नंतर क्लेटनच्या मेकॅनिकने सांगितलं, माझ्या हॉर्नचा फ्यूज उडाला होता.

परतीच्या वाटेवर व्हॅल उरलेले वडे खात बसली होती. तिच्या दारात उतरताना तिने विचारलं, "पुढच्या शनिवारी किती वाजता येशील?"

"तू तर एकच म्हणाली होतीस."

"मी म्हणाले होते. त्याला कुठे मान्य आहे?"

उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि शोधून मी थकले आहे. हॉर्न दुरुस्त करून घेतलाय. व्हॅल दर शनिवारी थर्मास घेऊन शेजारी असते. पण गोल झाला की आता मी लगेच वाजवत नाही. अंपायरचे झेंडे खाली जाईपर्यंत आम्ही दोघी थांबतो, ऐकतो... आणि मग मी वाजवते.