राखवाल्या भाऊंची कॉफी

धुळीशी भांडणारी माणसं जगात चिक्कार आहेत, पण धुळीशी इमानेइतबारे संसार केलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता याचा मला आजही अभिमान वाटतो. आमची वीजकेंद्राची वसाहत, सगळं ऊर्जानगर, त्यांना राखवाले भाऊ म्हणायचं. कोळसा जाळून वीज करणाऱ्या ठिकाणी, धूर चिमणीत जाण्याआधी त्यातली राख पकडून ठेवणारं एक अवाढव्य यंत्र असतं. आत उंचच उंच लोखंडी पत्रे टांगलेले. विजेच्या जोरावर राखेचा कण न् कण त्या पत्र्यांना जाऊन चिकटतो, मग ठरलेल्या वेळी हातोड्या पत्र्यांवर आदळतात आणि राख खाली पडते. भाऊंनी तीस वर्षं या एका यंत्राची सेवा केली. "राखेले चिकटवाचं कसं आन् सोडवाचं कसं, एवढंच मले येते," असं ते म्हणत, पण म्हणताना छाती अशी फुगवत की आणखी काही येण्याची गरजच काय, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

सकाळी उठल्यावर लोक देवाला हात जोडतात, हातांचे तळवे बघतात. भाऊ अंगणात येऊन चिमणीकडे बघत. चिमणीच्या तोंडाशी काही दिसलं नाही की त्यांचा चेहरा खुलायचा. मी दात घासत उभा असलो की विचारायचे, "धूर दिसते काय?" मी म्हणायचो, "नाही दिसत." "मंग आपलं काम चालू आहे!" जे दिसत नाही त्याचा एवढा गर्व करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. त्यांच्या गावाला, गोंडपिपरीला, एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. वाटेत एका धानगिरणीत भुसा उडताना दिसला, तर भाऊंनी गाडी थांबवली आणि गिरणीवाल्याला अर्धा तास उभं करून वारा कुठून येतो, धूळ कुठं जाते, पत्र्याचं टोपडं कुठं बसवायला पाहिजे हे सगळं समजावून सांगितलं. गिरणीवाल्याने आम्हाला चहा पाजला तो लवकर जावं म्हणून, हे मला कळलं, भाऊंना नाही. पण पुढच्या हंगामात पुन्हा त्या वाटेने गेलो तर त्याच गिरणीवर, भाऊंनी सांगितलं तिथेच, पत्र्याचं टोपडं बसलेलं होतं. भाऊंनी ते पाहिलं आणि गिरणी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून मान वळवून मागे बघत राहिले. इतका आनंद त्यांना बोलून दाखवता यायचा नाही.

घरीही त्यांची ड्यूटी संपायची नाही. स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने एक नोंदवही लटकवलेली असे. मिक्सर किती गरम झाला, कूलरची मोटर कोणत्या आवाजात बोलली, कुकरने शिट्टी का दिली नाही, हे सगळं वेळ टाकून त्यात लिहिलेलं. उपाय कोणी केला या रकान्यात तीस वर्षं एकच नाव होतं. वहिनी म्हणायच्या, "घर मी चालवतो आन् सही मातर यांची." भाऊ त्यावर हसत आणि सही करत.

त्यांची लेक कर्नाटकात दिली आहे, कॉफीच्या मळेवाल्यांच्या घरी. लग्नात व्याह्यांनी भाऊंना हिंदीत विचारलं होतं, "आपके यहाँ क्या उगता है?" धान, कापूस, सोयाबीन असं सांगायचं सोडून भाऊ ताठ मानेने म्हणाले, "बिजली." व्याही खूश झाले. ते म्हणाले, तुमच्या घरी येईन तेव्हा तुमच्या विजेवर दळलेली माझी कॉफी पिईन. भाऊंनी भर मांडवात छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, "माह्या हातची पाजीन." झालं, शब्द गेला. भाऊंचा शब्द म्हणजे काय असतो ते आम्हाला ठाऊक होतं. व्याह्यांना ठाऊक नव्हतं, पण दोन वर्षांनी भाऊंच्या निवृत्तीला आपण येतो आहोत असं त्यांनी कळवलं, आणि मे महिन्यात लेकीने दाण्यांची पिशवी, स्टीलचा फिल्टर आणि दळायचं एक छोटं विजेचं यंत्र पाठवून दिलं.

आता आमच्याकडचा मे महिना म्हणजे काय! हवेत ओलावा औषधालाही नसतो. कंगवा केसांतून फिरवला की चटचट आवाज येतो, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलं की अंगावर काटा उभा राहतो. अशा हवेत भाऊंनी पहिल्यांदा कॉफी दळली आणि झाकण उघडलं. पूड भांड्यात राहिलीच नाही. ती झाकणाला चिकटली, भिंतीवर गेली, कॅलेंडरवर बसली, आणि उरलेली सगळी भाऊंच्या हातावरच्या केसांना जाऊन भिडली. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. भाऊंनी भिंतीपलीकडून मला हाक मारली, "अजी या, लवकर या! राखेसारखीच चार्ज घेऊन राह्यली पाहा!" मी गेलो तर ते हात पुढे करून नवरदेवासारखे उभे, आणि वहिनी ओट्याशी फडकं घेऊन. "तीस वर्ष अंगावर राख आणली," वहिनी म्हणाल्या, "आता घरातच प्लांट लावला काय जी?"

पण भाऊंचा आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. त्यांनी पूड तोलली. दाणे घातले तेवढी पूड निघायला हवी होती, आणि बरीचशी कमी निघाली. ज्या माणसाने तीस वर्षं चिमणीतून कण सुटू दिला नाही, त्याच्या स्वयंपाकघरात चमचाभर कॉफी गायब! व्याह्यांना यायला दोन आठवडे होते.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय अर्थातच हातोडी. एका लांब बोल्टला कापड गुंडाळून त्यांनी ती सुतळीने अशी टांगली की बोटाने ओढली की झाकणावर बरोबर टोला बसावा. रोज सकाळी भिंतीपलीकडून ठक, ठक, थांबा, ठक असा आवाज यायला लागला, आणि आमची मंडळी रोज दार उघडून बघायला लागली. थोडी पूड पडे, बाकीची हटून बसे. दुसरा उपाय अर्थिंगचा. यंत्राच्या स्टीलच्या वाटीला तांब्याची तार बांधून ती नळाला जोडली, आणि पूड आपल्याच हातावर येते म्हणून दुसरी तार स्वतःच्या मनगटाला. त्या दिवशी मी बेल वाजवली तर आतून आवाज आला, "मी अर्थिंगमधी आहो, दार लोटून या!" आत जाऊन पाहतो तर भाऊ नळाला बांधलेले, आणि झाकण प्लॅस्टिकचं असल्यामुळे पूड पुन्हा झाकणालाच.

इथे मी एक आगाऊपणा केला. भाऊंची लेक मला फोनवर बोलली होती की दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकला तर पूड उडत नाही. मी ते भाऊंना सांगितलं. आता माझी नोकरी त्याच वीजकेंद्रात, पाणी शुद्ध करायच्या विभागात. भाऊ माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी माझ्या खात्याचा माल त्यांच्या गळ्यात मारतो आहे. "तुम्ही पाणीवाले, तुमाले पाणीच सुचन," ते म्हणाले. "राखेले पाणी लागलं का काय होते, माहीत आहे काय? सिमेंट होते सिमेंट!" आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, राख लवकर साफ व्हावी म्हणून त्यांनी पत्र्यांखालच्या हौदात पाण्याचा पाइप सोडला होता. राख दगडासारखी घट्ट झाली. आठ दिवस माणसं छिन्नी घेऊन आत बसली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना "शेतकरी" म्हटलं. "माह्या बापाचं काम शिवी म्हणून फेकलं माह्या तोंडावर," भाऊ म्हणाले. "त्या दिवशी ठरवलं, जिथी पूड तिथी पाणी नाई."

व्याही आले तो रविवार. बैठकीत पंखा गरगरत होता, व्याही, जावई आणि लेक बसले होते, आणि आत स्वयंपाकघरात भाऊ नवा पांढरा शर्ट घालून शेवटचा प्रयत्न करत होते. मी मदतीला म्हणून गेलो होतो, म्हणजे बघायला. ठक, ठक झालं, झाकण उघडलं, आणि पूड उसळून सरळ शर्टावर आली. भांड्यात जेमतेम एका कपाची उरली. भाऊ स्टुलावर बसले. त्यांनी शर्ट झटकलाही नाही. "सगळ्याच्या समोर म्हटलं होतं, माह्या हातची पाजीन," ते हळूच म्हणाले. "चिमणी साधली मले. हे वाटीभर नाई साधलं." भाऊंना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

वहिनींनी फडकं खाली ठेवलं. पिशवीतले नवे दाणे वाटीत ओतले. तांब्यात बोटं बुडवली आणि दाण्यांवर झटकली, एकदाच. चार-दोन थेंब पडले असतील. मग वाटी हलवून दाणे खालीवर केले. भाऊ ताडकन उठले. "अवो, पाणी काऊन टाकलं!"

"रोज सकाळी अंगण झाडून काढाच्या आधी मी पाणी कायले मारतो?" वहिनी म्हणाल्या. "धूळ उडू नाई म्हणून ना? तुम्ही तिथीच उभे राह्यता, चिमणी पाहात. पाइप नाई सोडला मी. बोटं झटकली. लावा बटन."

भाऊंनी बटन लावलं. यंत्र थांबल्यावर झाकण उघडायला त्यांचा हात होईना, म्हणून तेही वहिनींनीच उघडलं. पूड भांड्यात शहाण्या पोरीसारखी बसलेली होती. भाऊंनी सवयीने एक टोला दिला, झाकणाला लागलेली होती नव्हती ती खाली आली. त्यांनी तोललं. जेवढे दाणे, तेवढी पूड. दोनदा तोललं. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं, आणि मी पटकन बैठकीत निघून गेलो, कारण तिथे माझं काम नव्हतं.

कॉफी भाऊंनीच आणली, शर्ट तसाच. व्याह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "भाईसाहब, हमारे घर में भी ऐसी नहीं बनती." भाऊंची छाती फुगायला लागली, आणि मध्येच थांबली. "मेरे हाथ की नहीं है जी," ते म्हणाले. "शब्द दिया था, पर झूठ नहीं बोलूँगा. इनके हाथ की है." दारात उभ्या वहिनींकडे त्यांनी बोट दाखवलं, आणि तेव्हा त्यांची छाती जी फुगली, तशी चिमणीसाठीही मी कधी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी नोंदवहीत उपाय कोणी केला या रकान्यात पहिल्यांदा वहिनींचं नाव आलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "बाप शेतकरीच होता इचा," लिहिताना ते मला म्हणाले.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून दोघं गोंडपिपरीला गेली. जाताना ती बोल्टची हातोडी त्यांनी माझ्या हातात ठेवली, कशासाठी ते सांगितलं नाही. आता शेजारी नवं कुटुंब आलं आहे, चांगली माणसं आहेत, ती चिमणीकडे बघत नाहीत. मी बघतो. सकाळी दात घासताना फोन वाजतो आणि भाऊ विचारतात, "धूर दिसते काय?" मी म्हणतो, "नाही दिसत, भाऊ." मध्यंतरी वहिनी महिनाभर लेकीकडे गेल्या होत्या, तेव्हा मी विचारलं होतं, कॉफी चालू आहे ना? तर म्हणाले, "माह्या हातचं पाणी बरोबर पडत नाई जी, चहावर आहो." आता वहिनी परत आल्या आहेत. आज सकाळी बोलताना भाऊ मध्येच थांबले, आणि फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी आत हाक मारली, "अवो, दाणे काढून ठेवले मी. ये ना, पाणी मार."