रेघेबाहेरचा रंग

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही कोणी वाचणार नाही, तरी माफ करा.

घाटकोपरला एका गाळ्यात छापखाना आहे. तिथे मी अकरा वर्षं घड्या घालते, गठ्ठे बांधते. मुलगी कॉम्प्युटर शिकली तेव्हा शेठनी तिलाही डिझाइनला घेतलं. पहिलंच काम लग्नपत्रिकेचं, कडेपर्यंत गर्द लाल रंग. तिने हौसेने मला स्क्रीनजवळ नेलं. रंग बरोबर कापायच्या रेघेवर संपत होता.

मला तिथेच खटकलं. कापल्यावर पडणाऱ्या पट्ट्या रोज मीच गोणीत भरते. कडेपर्यंत रंग असलेलं काम असलं की पट्ट्यांवरही रंग असतो. ब्लेडखाली गठ्ठा केसभर तरी सरकतोच, म्हणून रंग रेघेबाहेर थोडा वाढवतात. त्याला ब्लीड म्हणतात, हेही ऐकून ठाऊक होतं. पण शिकलेल्या मुलीला मी काय सांगणार? छान झालंय म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

पत्रिका छापून कापल्या त्या दिवशी पट्ट्या पांढऱ्या निघाल्या. पाचशे पत्रिकांना एका बाजूने बारीक पांढरी कड. गिऱ्हाइकाने घेतल्या नाहीत. शेठ तिला म्हणाले, पुन्हा छापायचा खर्च तुझा, आणि उद्यापासून येऊ नकोस. ती मान खाली घालून उभी राहिली.

शेठसमोर मी कधी हो-नाहीच्या पुढे गेले नव्हते.

"शेठ, मी बघितलं होतं, बोलले नाही. पैसे माझ्या पगारातून कापा. तिला ठेवा."

"तुला बोलता येतं होय?" शेठ म्हणाले. पण तिला ठेवलं.

घरी तिने विचारलं, "तुला कळत होतं, मग बोलली का नाहीस गं?"

मी उठले. दोरीवरचा ब्लाउज काढून उलटा केला, शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड दाखवलं. "टेलर एवढी माया सोडतो ना, तसंच रंगाचंही." ती किती तरी वेळ त्या कडेवरून बोट फिरवत होती.

आता फाइल छपाईला जायच्या आधी ती खुर्चीतून हाक मारते, "आई, ये ना, कडा बघ." मी हात पुसून जाते. कमी वाटलं तर सांगते. मागे एकदा वरची बाजू राहिली होती, तिने लगेच वाढवली.

पगारातून दर महिन्याला पाचशे जायचे. शेवटचे दोन महिने तिने हट्टाने स्वतःच्या पगारातून कापायला लावले. आज शेवटचे पाचशे गेले. शेठचे सगळे पैसे फिटले.