झाकलेली बादली

श्यामकांत गुप्ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. नमुना तपासल्याशिवाय एक ड्रम गेटबाहेर सोडला नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवत. निवृत्तीनंतर चामटोलीला अर्धा एकर घेऊन त्यांनी थंडीत स्ट्रॉबेरी लावली, तेव्हा त्यांची बायको कुंदा म्हणाली, आता रोपांचीही हजेरी लागणार.

कामाला गावातल्या चार बाया येत. त्यांत गोदूबाई थोरल्या. पानांवर दव असेपर्यंत त्या कुणाला वाफ्यात शिरू देत नसत. ऊन चढलं की एकट्याच ओळीओळीने वाकून काहीतरी खुडत, आणि बादलीवर ओलं फडकं टाकून बांधापलीकडे जात. हे रोजचं. गुप्त्यांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी सगळ्या बायांसमोर त्यांना अडवलं.

"झाकून काय नेता ते कळतं मला. चोरी माझ्या शेतात चालणार नाही."

गोदूबाई बांधापलीकडे जाऊन आल्या, बादली धुऊन पालथी घातली आणि घरी गेल्या. गुप्त्यांना तो निव्वळ कोडगेपणा वाटला. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या तिघीही आल्या नाहीत.

आठवड्याभरात लालचुटुक फळांवर राखाडी बुरशीची लव आली. गुप्त्यांनी दोनदा औषध मारलं, पण बुरशी हटेना. शेवटी त्यांनी कृषी सहायकाला बोलावलं. तो पोरगा शेतभर फिरला आणि बांधापलीकडचा एक खड्डा दाखवून विचारू लागला, की इतके दिवस हे कोण करत होतं? खड्ड्यात सडकी फळं आणि वाळकी पानं मातीआड पुरलेली होती. या बुरशीची भुकटी जरा हलवलं की उडते आणि चांगल्या फळांवर बसते, म्हणून जाणकार माणूस असली फळं ओल्या फडक्याने झाकूनच बाहेर काढतो, असं त्याने सांगितलं. "हे करणाऱ्याला सोडू नका, काका."  त्या पोराकडे मान वर करून बघायचीही गुप्त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी ते गोदूबाईंच्या दारात गेले. हात जोडले. गोदूबाईंनी पाणी दिलं, पाट दिला, आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, चोर म्हनलाव ते समद्या बायांसमोर. आन माफी माझे घरान येऊन मांगताव?"

रात्रभर गुप्ते कूस बदलत राहिले. इतकी वर्षं ताठ मानेने जगलेला माणूस, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सकाळी ते सोनिवलीच्या रस्त्याला गेले. तिथे चौघी दुसऱ्याच्या शेतात भेंडी तोडत होत्या. बांधावर उभं राहून गुप्त्यांनी मोठ्याने सांगितलं, की गोदूबाईंनी चोरी केली नव्हती, त्या माझंच पीक वाचवत होत्या, आणि मी त्यांच्यावर आळ घेतला.

बाया थांबल्या. त्यांतली जनी, वयाने सगळ्यांत लहान, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग त्या दिशी फडका उचलून बघितला का नाय?"

 

"गरज वाटली नाही," गुप्ते म्हणाले.